अंगणातील ठेंगणा लाल गुलाब (विदर्भ)

घराच्या पुढच्या अंगणात, ओट्याला किंवा कुंपणाला लागून असलेल्या अरुंद पट्टीत लावला जाणारा, कंबरेच्या वर न जाणारा लाल फुलांचा गुलाब. रोझेसी कुलातील रोझा या प्रजातीच्या मिनिएचर, पॉलिअँथा आणि फ्लोरिबंडा या गटांतील वाण यासाठी वापरतात. विदर्भाच्या खेड्यांत ही लागवड विक्रीसाठी नसते. घरच्या देवाला, गजानन महाराजांच्या तसबिरीला, पाहुणीच्या केसांत माळायला आणि दारातून येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांना म्हणून ती केली जाते. थंड प्रदेशांत गुलाब हिवाळ्यात झोपतो. विदर्भात त्याला विश्रांती हवी असते ती उन्हाळ्यात. येथे फुलांचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होऊन मार्चात संपते आणि उरलेले महिने झाड जगवण्याचे असतात. हा क्रम मान्य केला तर हे झाड गावच्या अंगणात वर्षानुवर्षे टिकते. न मान्य करता बारमाही फुलांचा हट्ट धरला, तर बहुतेक रोपे पहिल्याच मे महिन्यात वाळतात.

गट आणि वाण

युरोपातील जुन्या गुलाबांत गडद लाल रंग आणि वारंवार फुलण्याचा गुण आला तो 18व्या शतकाच्या अखेरीस तेथे पोचलेल्या चिनी गुलाबांमुळे. लहान फुलांचे घोस देणारे पॉलिअँथा गुलाब फ्रान्समधील लियों येथे गियो यांनी 1870 नंतरच्या दशकात तयार केले. डेन्मार्कच्या पॉल्सेन घराण्याने पॉलिअँथा आणि मोठ्या फुलांचे हायब्रिड टी यांचा संकर केला. त्यातून पुढे फ्लोरिबंडा हा गट उभा राहिला. हॉलंडच्या यान द विंक यांनी तयार केलेला ‘टॉम थंब’ हा लाल मिनिएचर गुलाब 1936 साली बाजारात आला. भारतात गव्हाच्या वाणांसाठी ओळखले जाणारे शास्त्रज्ञ बी. पी. पाल यांनी गुलाबाचेही अनेक वाण तयार केले आणि हौशी बागायतदारांत या फुलाची गोडी वाढवली.

मिनिएचर साधारण 20 ते 45 सेंमी. उंच होतो, फ्लोरिबंडा 60 ते 100 सेंमी. ‘मार्लेना’ (1964) हा बुटका लाल फ्लोरिबंडा म्हणून प्रसिद्ध आहे. गडद लाल ‘युरोपियाना’ (1963) सुंदर, पण त्याला भुरी (पानांवर पांढरी भुकटी आणणारी बुरशी) लवकर धरते. प्रत्यक्षात तालुक्याच्या बाजारात किंवा गाडीवर मिळणाऱ्या रोपांवर वाणाचे नाव क्वचितच असते. ‘बटण गुलाब’, ‘काश्मिरी’, ‘कलमी’ एवढ्या नावांवर व्यवहार होतो. म्हणून रोप फुलावर असतानाच, डिसेंबर-जानेवारीत, पाहून घ्यावे. बुंध्यापासून तीन-चार फांद्या निघालेल्या, खालची पाने टिकलेली आणि डोळा भरलेली, म्हणजे कलम जोडलेली जागा घट्ट जुळलेली असावी. एकाच उंच काडीवर फूल असलेले रोप नजरेत भरते, पण ते निवडू नये.

माती आणि पाणी

खरी अडचण येथेच आहे. विदर्भाच्या मोठ्या भागातील काळी कापसाची जमीन पावसात फुगते, चिकट होते आणि हवा कोंडते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्यांत बारीक मुळे तुटतात. तिच्यात चुनखडीचे प्रमाणही बरेच असते. त्यामुळे लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही. नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा झाडाला अनेकजण युरिया घालतात. त्याने फरक पडत नाही, कारण उणीव नत्राची नसून लोहाची असते. चिलेटेड, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातील लोहाची फवारणी आणि भरपूर कुजलेले शेणखत हा त्यावरचा उपाय आहे. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात कन्हार जमीन अशीच भारी असते, तर सिहार तुलनेने हलकी आणि गुलाबाला सोयीची.

भारी जमिनीत खोल खड्डा करून त्यात भुसभुशीत माती भरण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते. ती येथे घातक ठरते. भोवतालची काळी माती पाणी जिरू देत नाही, त्यामुळे पावसाळ्यात सगळे पाणी त्या खड्ड्यातच साचते आणि मुळे कुजतात. त्यापेक्षा जमिनीवर वीतभर, म्हणजे 20 ते 30 सेंमी. उंचीचा वाफा करावा. कडेला विटा किंवा दगड लावावेत. आत घरची काळी माती, बारीक मुरूम किंवा रेती आणि मुरलेले शेणखत सारख्या भागांत मिसळावे. काळी माती पूर्णपणे काढून टाकण्याचे कारण नाही, कारण ओल आणि अन्नद्रव्ये तीच धरून ठेवते. दीड मीटर रुंद आणि तीन मीटर लांब वाफ्यात फ्लोरिबंडाची आठ झाडे मोकळी बसतात. मिनिएचर एकेक फुटावर लावले तरी चालतात. अंगण पूर्वेकडे असेल तर उत्तम. सकाळचे सहा तास ऊन मिळून दुपारनंतर घराची सावली पडते. पश्चिमेकडील सिमेंटच्या भिंतीजवळ मात्र लावू नये. मे महिन्यात ती भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली असते.

न्हाणीचे पाणी अंगणातल्या झाडांना सोडण्याची चाल जुनी आहे. केळीला, अळूला ते चालते. साबण आणि कपड्यांच्या पावडरीतील सोडियममुळे गुलाबाच्या वाफ्यातील माती मात्र आणखी बसते. तांदूळ किंवा भाजी धुतलेले पाणी द्यायला हरकत नाही.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा हा वेगळा विषय आहे. तेथील भूजल खारे असते आणि गुलाब हे क्षार न सोसणारे झाड आहे. बोअरच्या पाण्यावर पानांच्या कडा करपतात आणि वाढ खुंटते. या गावांत वाफ्याचा नाद सोडून 10 ते 12 इंची मातीच्या कुंड्यांत मिनिएचर लावावेत. त्यांना नळयोजनेचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे आणि पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवाव्यात, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात.

वर्षक्रम

परतीचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी करतात. फ्लोरिबंडाच्या फांद्या अर्ध्यावर आणतात, मिनिएचर नुसता गोलाईत कातरतात. वाळलेल्या व आत वळलेल्या फांद्या काढून टाकतात. काप बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर आणि तिरका घ्यावा. छाटणीनंतर प्रत्येक झाडाला दोन-तीन किलो शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून हलकी खुरपणी करतात. शेणखत पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या शेणाने उधई येते आणि ती लहान रोपाची साल खाते. दीडेक महिन्यात पहिला बहर येतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत लाल रंग सर्वांत गडद होतो, कधी पाकळ्यांच्या कडा काळपट पडतात. हा रोग नव्हे. पाकळ्यांतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य थंडीत अधिक तयार होते आणि उष्णतेत कमी. त्यामुळे तेच झाड एप्रिलमध्ये लहान, फिकट, कडा भाजलेली फुले देते. सुकलेले फूल देठाखालच्या पाच पर्णिकांच्या (पानाच्या छोट्या भागांच्या) पहिल्या पानावर कापत गेले तर मार्चपर्यंत बहर चालू राहतो.

एप्रिलपासून खत बंद करावे, छाटणी करू नये आणि आलेल्या कळ्या खुडाव्यात. कळ्या खुडायला मन होत नाही, हे खरे. पण पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या दिवसांत फूल धरून ठेवण्यासाठी झाड स्वतःची ओल खर्च करते. बुडाशी सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार तीन-चार बोटे जाड पसरावे. पऱ्हाट्या-तुराट्यांचा हलका मांडव घालावा. हिरवी जाळी असेल तर 50 टक्के सावलीची पुरते. पाणी पहाटे द्यावे. दोन झाडांच्या मध्ये जुना पाझरणारा माठ गळ्यापर्यंत पुरून तो भरून ठेवला, तर टंचाईच्या गावातही वाफा तग धरतो. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या दिवसांत पाने गळून नुसत्या काड्या राहिल्या तरी झाड उपटू नये. साल नखाने खरवडून आत हिरवी असेल तर मृगाच्या पावसावर झाड फुटते.

पाऊस लागला की मांडव आणि कुटार दोन्ही काढतात. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या पूजेला घरचे लाल गुलाब हवेत म्हणून जुलैत छाटणी करणारे आहेत. फुले येतात, पण पावसाने पाकळ्या चिकटून सडतात आणि कोवळ्या फुटीवर रोग पडतो. त्या सणाला जास्वंद बरी.

रोग आणि उपद्रव

पावसाळ्यातील मुख्य रोग काळा ठिपका. पान सात-आठ तास ओले राहिले की या बुरशीला रुजायला पुरते. पश्चिम विदर्भापेक्षा गडचिरोली-गोंदियाकडे पाऊस बराच जास्त असल्याने तेथे तो जोरात असतो. पाणी पानांवर न टाकणे, झाडांत अंतर ठेवणे आणि गळालेली पाने वेचून जाळणे याने तो बराच आटोक्यात येतो. हिवाळ्यात कोवळ्या शेंड्यांवर भुरी येते. तिच्यावर पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी चालते, पण कडक उन्हात गंधकाने पाने भाजतात. मिरचीवर चुरडा-मुरडा आणणारे फुलकिडे गुलाबावरही जगतात. भिवापूरसारख्या मिरचीच्या भागात कळ्या वाकड्या होऊन न उमलता करपल्या तर आधी त्यांचा संशय घ्यावा. मार्चनंतर पानांच्या मागे लाल कोळी दिसतो. पानांच्या खालून जोराचे पाणी मारणे हा त्यावरचा पहिला इलाज. जंगलालगतच्या गावांत वानरे कळ्या आणि कोवळे शेंडे खातात, शेळ्या सगळेच खातात. बाभळीच्या काट्यांचे कुंपण शेळ्यांना अडवते, वानरांना नाही.

अभिवृद्धी

व्यापारी रोपे रानटी गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार करतात. वरुड तालुक्यातील शेंदुरजनाघाट परिसरात संत्र्याच्या कलमांसाठी हेच काम चालते. त्यामुळे वरुडकडे हे हातकाम अनेकांना अवगत आहे. डोळ्याच्या खालून निघालेली फूट खुंटाची असते. ती वेळीच मुळापासून ओढून काढली नाही, तर लाल गुलाब मरून रानटी झाड उरते. सात पर्णिकांचे पान म्हणजे जंगली फूट, असा समज सर्रास आहे. तो विसंबण्याजोगा नाही, कारण अनेक चांगल्या वाणांनाही सात पर्णिका असतात. फूट कोठून निघाली ते माती उकरून पाहावे.

मिनिएचर आणि पॉलिअँथा मात्र काडीवरही सहज लागतात. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड किंवा त्याहून किंचित बारीक, वीतभर काड्या घ्याव्यात. त्या रेती-मातीच्या पिशवीत दोन डोळे आत जातील अशा खोचून सावलीत ठेवाव्यात. थंडी संपेपर्यंत त्या मुळे धरतात. अशा झाडाला खुंट नसल्याने जंगली फुटीचा प्रश्न उरत नाही आणि उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी जमिनीतून येणारी फूट लाल गुलाबाचीच असते.