टेराहर्ट्झचं ‘हाय रिझोल्युशन’: रुंदीचं की खोलीचं?

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ‘मायक्रॉन’ (मिलिमीटरचा हजारावा भाग) हा शब्द दिवसभर तोंडात असतो. त्यामुळे टेराहर्ट्झ लहरींच्या (मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेडच्या मधल्या) ध्रुवीकरणातून, म्हणजे त्यांच्या विद्युतक्षेत्राच्या दिशेवरून, पृष्ठभागाचं मायक्रॉनपर्यंत चित्र काढता येतं असं कानावर आलं, की क्वालिटीवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: मग मायक्रॉनभर रुंदीचा स्क्रॅच दिसेल का? नाही दिसणार. मायक्रॉनभर खोल खळगा मात्र कळेल, तो पुरेसा पसरट असेल तर.

रुंदीचं गणित सोपं आणि जरा निराशाजनक आहे. 1 टेराहर्ट्झच्या लहरीची लांबी 0.3 मिलिमीटर. लेन्स कितीही चांगली घ्या, ठिपका साधारण तेवढाच राहतो आणि त्याहून बारीक तपशील एकमेकांत मिसळतात. सुईच्या टोकाएवढा प्रोब पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवला तर ही मर्यादा ओलांडता येते, पण मग काम फार हळू होतं. ध्रुवीकरण मोजून मात्र रुंदीत काहीच फरक पडत नाही.

फरक पडतो तो खोलीत. वर्तुळाकार ध्रुवीकरणाची 1 टेराहर्ट्झची लहर धरा. तिच्या विद्युतक्षेत्राची दिशा दर पिकोसेकंदाला (सेकंदाचा लाख कोटीवा भाग) एक पूर्ण फेरी मारते. ही लहर पृष्ठभागावर सरळ सोडली आणि एखादी जागा 10 मायक्रॉन खोल असली, तर जाताना 10 आणि येताना 10 असं 20 मायक्रॉन जास्तीचं अंतर कापायला तिला सुमारे 67 फेमटोसेकंद (पिकोसेकंदाचे हजारावे भाग) लागतात. तेवढ्यात दिशा 24 अंशांनी फिरलेली असते. परतलेली लहर एका स्फटिकावर पाडायची आणि लेसरच्या अतिसूक्ष्म स्पंदनाने ठरावीक क्षणी तिची दिशा वाचायची. कोन एका अंशापर्यंत मोजता आला, तर खोली अर्ध्या मायक्रॉनच्या आत कळते. नेहमीच्या पद्धतीत स्पंदन कधी परतलं हे शोधायला प्रत्येक बिंदूवर मोजणीची वेळ मागेपुढे सरकवावी लागते, इथे तो खटाटोप वाचतो. शिवाय जागा काळवंडलेली असली आणि परतावा क्षीण झाला, तरी कोन तोच राहतो. मला या पद्धतीतलं हेच सर्वांत आवडतं.

तांबट लेनमधला एखादा ठोक्याचा हंडा घ्या. ठोक्याची खूण चार-पाच मिलिमीटर रुंद आणि 20 मायक्रॉन खोल असेल, तर ती या पद्धतीत छान उमटेल. त्याच हंड्यावर बारीक छिन्नीने कोरलेलं आजीचं नाव मात्र पुसट येईल, कारण रेघ ठिपक्याहून अरुंद आहे. ती रेघ खूणेपेक्षा खोल असली तरी उपयोग नाही. एक मायक्रॉनपर्यंत मोजणाऱ्या डायल गेजच्या टोकाची गोळी केसाएवढ्या चरेत शिरत नाही, तसंच हे.

उघड्या, स्वच्छ धातूसाठी हे यंत्र घ्यावं असं मी म्हणणार नाही. तिथे साध्या प्रकाशाचं इंटरफेरोमीटर (प्रकाशलहरी एकमेकींवर टाकून अंतर मोजणारं यंत्र) नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागापर्यंत जातं. टेराहर्ट्झची खरी गरज पडते ती पृष्ठभाग झाकलेला असतो तेव्हा. रंग, अपारदर्शक प्लास्टिक, काजळी यांतून प्रकाश जात नाही, ही लहर जाते. मात्र रंगाचा वरचा थर आणि खालचा धातू दोन्हीकडून परतावा येतो, तो वेगळा काढावा लागतो. पाण्याची वाफ ही लहर शोषून घेते, म्हणून आपल्या पावसाळ्यात लहरीच्या वाटेवर कोरडी हवा किंवा नायट्रोजन खेळता ठेवावा लागेल.

आणखी एक गोष्ट ब्रोशर वाचताना पाहावी. 1 टेराहर्ट्झला 150 मायक्रॉन खोलीनंतर कोनाची फेरी पूर्ण होते आणि तेच आकडे पुन्हा येतात. हंड्याच्या उथळ खुणांना याची अडचण नाही. वेल्डिंगच्या 200 मायक्रॉनच्या पायरीला आहे: यंत्र तिला खुशाल 50 म्हणेल. तिथे वेळ सरकवण्याची जुनी पद्धतच जोडीला घ्यावी लागते.