साताऱ्याची वस्त्रे, लंडनचा मुकुट आणि राज्यपालांची सही

मार्च २०२५ मध्ये माजी राजे ज्ञानेंद्र यांच्या स्वागताला काठमांडूच्या विमानतळाबाहेर हजारोंची गर्दी लोटली. सप्टेंबरमध्ये तरुणांच्या आंदोलनापुढे पंतप्रधान ओली यांचे सरकार कोसळले. नेपाळात राजा परत येणार का, हा प्रश्न त्या काळात नवी मुंबईतही चर्चेत होता, कारण घणसोलीपासून खारघरपर्यंत कितीतरी सोसायट्यांच्या गेटवर आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत नेपाळी माणसे काम करतात. त्यांच्याशी बोलता बोलता आपल्यातलाही कुणीतरी म्हणून जातो की आपल्याकडेही एखादा खमका राजाच हवा, म्हणजे सगळे सुतासारखे सरळ होतील.

घटनात्मक राजेशाहीचा आणि या इच्छेचा काडीचाही संबंध नाही. तिथे राजा खमका असून चालत नाही. गादीवर तो बसतो आणि निर्णय दुसरेच घेतात. सरकार त्याच्या नावाने चालते, पण त्याच्या मर्जीने नाही. ही विचित्र व्यवस्था कुठून आली आणि तिचा उपयोग काय, हे पाहायला ठाण्याचा किल्ला बरी जागा आहे. आज तिथे मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे तो फक्त बाहेरूनच दिसतो. पण अर्ध्या शतकात त्यावर तीन राजांची निशाणे फडकली, आणि तिन्ही राजे तीन तऱ्हांचे होते.

पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास हा किल्ला बांधायला घेतला, तेव्हा लिस्बनला पाचवा जुआंव गादीवर होता. ब्राझीलचे सोने हाती असल्याने कर मागायला त्याला कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे. त्याच्या उभ्या कारकिर्दीत तिथली कर मंजूर करणारी सभा एकदाही भरली नाही. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. निशाण छत्रपती शाहूंचे, मोहीम पेशव्यांची. त्याच वेळी खाडीपलीकडे मुंबई बेटावर इंग्लंडच्या राजाच्या, म्हणजे तेव्हा दुसऱ्या जॉर्जच्या, सनदेवर चालणारी ईस्ट इंडिया कंपनी बसली होती, आणि खुद्द लंडनला कारभार वॉलपोल हा मंत्री पार्लमेंटातल्या बहुमताच्या जोरावर हाकत होता.

म्हणजे १७३७ साली सातारा आणि लंडन इथला देखावा बराचसा सारखा होता. दोन्हीकडे गादी एकाची, कारभार दुसऱ्याचा. शाहू महाराज हयात असेतो पेशव्यांवर त्यांचा खरा वचक होता, हे सांगायलाच हवे. पण १७४९ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी सांगोल्यास झालेल्या कराराने नवे छत्रपती रामराजे यांच्या हातून राज्याचा कारभार पुण्याला गेला. यानंतर पेशवा नेमण्यासाठी साताऱ्याहून वस्त्रे यावी लागत. तो मान कुणी मोडला नाही. मोडला नाही, कारण त्यात अडथळा असा काहीच उरला नव्हता.

त्याची प्रचीती १७७३-७४ मध्ये आली. नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि ज्या रघुनाथरावांवर संशय होता त्यांना साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळाली. काही महिन्यांनी बारभाईंचे पारडे जड झाले, तेव्हा त्याच साताऱ्याहून चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांनाही वस्त्रे मिळाली. छत्रपतींनी पहिल्यांदा नकार दिला नाही आणि दुसऱ्यांदाही दिला नाही. देण्याची सोयच नव्हती. रामशास्त्र्यांनी दोष दाखवला, पण तो अंमलात कोण आणणार? पेशव्याला जाब विचारणारी, त्याला पायउतार करणारी कुठलीही सभा नव्हती. राजाचे अधिकार काढून घेतले गेले होते, पण ते ज्याच्याकडे गेले तो कुणालाच बांधील नव्हता.

ठाण्याने त्याची किंमत मोजली. पुण्यातली ही दुही पाहून मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांशी बोलणी लावली आणि त्यात साष्टी नि वसई मागितली. बोलणी पुरी होण्याआधीच, डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला लढून घेतला. पुढची गंमत अशी, की मुंबईकरांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला रघुनाथरावांशी केलेला तह कलकत्त्याच्या कौन्सिलने उडवून लावला. हा अधिकार कलकत्त्याला दिला होता पार्लमेंटच्या १७७३ च्या कायद्याने. कंपनीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती, आणि हिसकावलेली साष्टी त्यांनी परत केलीच नाही; १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती कायमची त्यांची झाली. तरी चूक झाली म्हणून दुसऱ्याला खडसावणारी जागा त्यांच्या व्यवस्थेत होती. आपल्या व्यवस्थेत ती नव्हती.

इंग्लंडमध्ये ही जागा एका दिवसात तयार झाली नाही. १६४९ मध्ये त्यांनी एका राजाचे डोके उडवले, १६८८ मध्ये दुसऱ्याला पळवून लावले, आणि १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने ठरवले की पार्लमेंटच्या संमतीवाचून राजाने कर बसवायचा नाही, शांततेच्या काळात फौज बाळगायची नाही, कायदा स्थगित करायचा नाही. पार्लमेंटने मंजूर केलेल्या विधेयकाला राजमुकुटाने शेवटचा नकार दिला तो १७०८ साली, राणी ॲनने. राजाला सल्ला विचारला जाण्याचा, प्रोत्साहन देण्याचा आणि इशारा देण्याचा, एवढे तीनच हक्क उरले आहेत, हे इंग्रज लेखक वॉल्टर बॅजट यांनी १८६७ मध्ये लिहिले, तेव्हा ते जवळपास रूढ झालेले होते.

पण हा सगळा हिशेब लंडनपुरता. ज्या मुकुटाला घरी पार्लमेंट विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हते, तोच मुकुट इथे गव्हर्नर आणि कलेक्टर यांच्या रूपाने हवे ते करत होता. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिले गेले. अशा खटल्यांत वादी म्हणून सम्राट उभा असे. तो सम्राट त्याच्या देशात घटनेने बांधलेला होता. ठाण्यातल्या एकाही माणसाने त्या पार्लमेंटसाठी मत दिलेले नव्हते. एकाच मुकुटाची ही दोन रूपे लक्षात ठेवायला हवीत, पुढे त्यांचे काम आहे.

विसाव्या शतकात या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. नॉर्वे १९०५ साली स्वीडनपासून वेगळा झाला आणि त्याने डेन्मार्कच्या राजपुत्राला गादी देऊ केली. लोकांचा कौल घ्या, मगच येतो, असे तो म्हणाला. कौल घेतला, आणि तो सातवा हाकोन झाला. १९४० मध्ये जर्मन फौजा देशात शिरल्यावर हिटलरच्या माणसांनी तिथला नाझीधार्जिणा पुढारी क्विसलिंग याला पंतप्रधान नेमण्याची मागणी केली. हाकोनने मंत्रिमंडळाला सांगितले की निर्णय तुमचा, पण तुम्ही हे मान्य केलेत तर मी गादी सोडतो. मंत्रिमंडळाने नकार दिला. या सबंध इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण राजाने अधिकार वापरला नाही आणि तरी त्याच्या शब्दाचे वजन पडले.

उलटे उदाहरण इटलीचे. १९२२ मध्ये मुसोलिनीचे काळे डगलेवाले रोमवर चालून आले, तेव्हा सरकारने लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला. तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने त्यावर सही केली नाही आणि मुसोलिनीलाच बोलावून घेतले. १९४६ च्या जनमतात इटालियनांनी ती गादी मोडीत काढली. स्पेनच्या हुआन कार्लोसने फेब्रुवारी १९८१ मध्ये संसदेत घुसलेल्या बंडखोरांविरुद्ध लष्करी गणवेशात टीव्हीवर येऊन बंड मोडले, आणि पुढे त्याच माणसाला पैशांच्या आरोपांमुळे २०२० साली देश सोडावा लागला. गादी वारसाहक्काने मिळते, चारित्र्य मिळत नाही.

बेल्जियममध्ये १९९० साली गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला राजा बोदुआँची सद्सद्विवेकबुद्धी तयार होईना. मंत्रिमंडळाने त्याला राज्य करण्यास तात्पुरता असमर्थ ठरवले, कायद्यावर स्वतः सह्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी संसदेने त्याला पुन्हा गादीवर बसवले. हसू येते खरे, पण राजाच्या मनाचा आणि लोकांच्या कायद्याचा मान एकाच वेळी राखणे प्रजासत्ताकांनाही नेहमी जमत नाही.

आपल्या शेजारी नेपाळ आणि भूतान यांनी हा धडा उलटसुलट गिरवला. १९९० मध्ये नेपाळात घटनात्मक राजेशाही आली. १ फेब्रुवारी २००५ रोजी ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त करून सत्ता हाती घेतली; २८ मे २००८ रोजी गादीच गेली. त्याच वर्षी भूतानमध्ये राजानेच आग्रह धरून घटना लागू केली आणि निवडणुका घेतल्या. तिथल्या घटनेत राजाने पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायचे आहे आणि ठरलेल्या पद्धतीने त्याला काढूनही टाकता येते.

राजेशाहीचे समर्थक नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स, जपान यांची नावे घेतात आणि म्हणतात, पाहा, सुखी देश. हा युक्तिवाद मला पटत नाही. जे राजे वेळीच मागे सरले, त्यांच्या गाद्या शिल्लक राहिल्या. जे अडून बसले ते यादीतून पुसले गेले. चाळणीत वर राहिलेले दाणे पाहून पीक चांगले आले म्हणण्यातला हा प्रकार आहे. आणि थायलंडही याच यादीत येतो, जिथे १९३२ पासून राजा घटनेखाली आहे, पण २००६ आणि २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, आणि राजाचा अपमान केल्याबद्दल पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

मराठी मुलखातही एक खरा प्रयोग झाला, आणि तो पेशवाईतल्या उणिवेवरच बोट ठेवणारा होता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना आपण सूर्यनमस्कारांमुळे ओळखतो. बहात्तर गावांच्या त्या विखुरलेल्या संस्थानात त्यांनी १९३८ मध्ये सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते गांधीजींकडे गेले, आणि त्यांच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये औंधची घटना आली. पाया ग्रामपंचायतींचा, वर विधिमंडळ, आणि मंत्री त्या विधिमंडळाला जबाबदार. साताऱ्याच्या गादीखाली जे कधी झाले नाही ते एका छोट्या जहागिरीवजा संस्थानात झाले. १९४८ मध्ये औंध विलीन झाले आणि प्रयोग संपला.

त्याच वर्षी जव्हार संस्थान विलीन होऊन ठाणे जिल्ह्याला जोडले गेले. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ते ठाण्यातच होते. महादेव कोळी मुकणे घराण्याची ही गादी. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, आणि विलीनीकरणानंतर ते निवडणूक लढवून लोकसभेत गेले. संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपले.

भारत स्वतःही काही काळ घटनात्मक राजेशाही होता, हे आपण विसरतो. १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री सहावा जॉर्ज आपला राजा होता आणि माउंटबॅटन व नंतर राजगोपालाचारी हे त्याचे गव्हर्नर जनरल. घटना समितीपुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले की आपल्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करील, राज्य करणार नाही. राजा काढला, त्याची रिकामी चौकट ठेवली, आणि तीत निवडून दिलेला माणूस बसवला.

ती चौकट टिकेल का याची शंका सुरुवातीलाच आली. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून राजेंद्र प्रसाद यांना आपण स्वतःच्या मताने वागू शकतो का, असा प्रश्न पडला. घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि ॲटर्नी जनरल सेटलवाड यांनी सांगितले, नाही. १९७६ च्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक असल्याचे घटनेतच लिहिले गेले. १९७८ मध्ये तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा मिळाली. बॅजट यांचा इशारा देण्याचा हक्कच तो, कलमात बसवलेला.

राज्यपालाचे मात्र तसे झाले नाही. राष्ट्रपती हा लंडनच्या बांधलेल्या राजाचा वारस. राज्यपाल हा मुंबईच्या मोकळ्या गव्हर्नराचा. त्याला निवडून आणावे असा विचार घटना समितीत होता, तो १९४९ मध्ये मागे पडला आणि नेमणूक केंद्राकडे गेली. कलम १६३ मध्ये त्याच्या स्वेच्छाधिकाराचा उल्लेखही राहिला. वंशपरंपरेने आलेल्या राजाची एकच जमेची बाजू असते, की ती जागा त्याला कुठल्या पक्षाने दिलेली नसते. नेमलेल्या राज्यपालाला तेवढीही मिळत नाही.

महाराष्ट्राने हे जवळून पाहिले. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि लोक चहा घेत असतानाच शपथविधी उरकला. जून २०२२ मध्ये ठाण्याच्या एकनाथ शिंदे यांच्या बंडानंतर राज्यपाल कोश्यारी यांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करायला सांगितले. ठाकरे यांनी आदल्या रात्री राजीनामा दिला, शिंदे मुख्यमंत्री झाले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने म्हटले की बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता, कारण सरकारने विश्वास गमावल्याचे वस्तुनिष्ठ कारण त्यांच्यापुढे नव्हते. पण ठाकरे चाचणीला सामोरे गेलेच नाहीत, म्हणून जुने सरकार परत आणता येणार नाही; आणि शिंदे यांना बोलावणे योग्यच होते.

लंडनच्या सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१९ मध्ये अकरा विरुद्ध शून्य अशा निकालाने पार्लमेंटची तहकुबी रद्द ठरवली होती. तो हुकूम राणी एलिझाबेथच्या नावाने निघालेला होता. तिला कुणी दोष दिला नाही; बेकायदा ठरला तो पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तिला दिलेला सल्ला, आणि पार्लमेंट दुसऱ्या दिवशी पुन्हा भरले.