सिनसिनाटी रेड्स

सिनसिनाटी रेड्स : अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील सिनसिनाटी शहराचा व्यावसायिक बेसबॉल संघ. तो ‘मेजर लीग’ या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या दोन शाखांपैकी नॅशनल लीगच्या मध्य विभागात खेळतो. वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची अंतिम मालिका त्याने १९१९, १९४०, १९७५, १९७६ आणि १९९० अशी पाच वेळा जिंकली आहे. संघाचा आरंभ कोणत्या वर्षापासून धरावा, याविषयी मात्र मतभेद आहेत.

सिनसिनाटी शहरात बेसबॉल क्लब १८६६ मध्ये स्थापन झाला. इंग्लंडमधील शेफील्ड येथे जन्मलेले हॅरी राइट हे सिनसिनाटीच्या युनियन क्रिकेट क्लबचे पगारी खेळाडू होते. पुढे बेसबॉल संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. खेळाडूंना चोरून पैसे देण्याची प्रथा त्याआधीही होती, परंतु बेसबॉल क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने १८६९ च्या हंगामापासून व्यावसायिकतेस मान्यता दिल्यावर सर्व खेळाडूंना उघडपणे पगारावर ठेवणारा पहिला संघ म्हणून सिनसिनाटीच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’चा उल्लेख केला जातो. सर्वाधिक वेतन, १,४०० डॉलर, हॅरी यांचे बंधू जॉर्ज राइट यांना मिळत असे. शहराचा अभिमान ठरलेल्या या संघात मूळचा सिनसिनाटीचा खेळाडू एकच होता.

त्या हंगामात संघ एकही सामना हरला नाही, याबाबत दुमत नाही. किती सामने जिंकले, हे मात्र कोणते सामने जमेस धरले यावर अवलंबून आहे. संघटनेच्या सदस्य क्लबांविरुद्धचेच सामने मोजल्यास ही संख्या ५७ भरते आणि तीच अधिक ग्राह्य वाटते. इतर लढतीही धरणाऱ्यांनी ६० च्या वरचे आकडे दिले आहेत. ट्रॉयच्या हेमेकर्स संघाविरुद्ध २६ ऑगस्ट १८६९ रोजी १७–१७ अशी बरोबरी असताना प्रतिस्पर्ध्यांनी मैदान सोडले (यामागे सट्टेबाजांचे हितसंबंध होते, असे म्हटले जाते) आणि पंचांनी सामना सिनसिनाटीला बहाल केला. त्यामुळे हा सामना काही नोंदींत विजय, तर काहींत बरोबरी म्हणून येतो. अखेर १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या अटलांटिक्स संघाने अकरा डावांपर्यंत लांबलेल्या सामन्यात ८–७ असा विजय मिळवून ही अपराजित मालिका खंडित केली. नेहमीच्या नऊ डावांनंतर ५–५ अशी बरोबरी असताना यजमान संघ तेवढ्यावर समाधानी होता. खेळ पुढे चालू ठेवण्याचा आग्रह राइट यांचाच होता.

१८७० च्या हंगामानंतर क्लबने व्यावसायिक संघ बंद केला. हॅरी राइट तीन खेळाडूंसह बॉस्टनला गेले आणि तेथे त्यांनी नव्या संघालाही ‘रेड स्टॉकिंग्ज’ हेच नाव दिले. मिलवॉकीमार्गे अटलांटा येथे स्थिरावलेला ब्रेव्ह्ज हा संघ त्याचाच वारस होय. सिनसिनाटीत १८७६ मध्ये निराळा संघ उभा राहिला आणि नॅशनल लीगचा संस्थापक सदस्य झाला. परंतु मैदानावरील बिअरविक्री आणि रविवारी मैदान भाड्याने देणे यांस प्रतिबंध करणारी अट त्याने न स्वीकारल्यामुळे १८८० मध्ये त्याची हकालपट्टी झाली. या दोन्ही गोष्टींना मुभा देणाऱ्या अमेरिकन असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगमध्ये १८८२ साली तिसरा संघ उतरला, त्याने पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवले आणि १८९० पासून तो नॅशनल लीगमध्ये खेळू लागला. आजचा संघ याच संस्थेचा अखंड वारस आहे. त्यामुळे २०१९ मध्ये संघाने दीडशेवे वर्ष साजरे केले असले, तरी १८६९ हे शहरातील व्यावसायिक बेसबॉलच्या आरंभाचे आणि १८८२ हे सध्याच्या संघाच्या पहिल्या हंगामाचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

१९१९ ची वर्ल्ड सिरीज रेड्सनी शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध ५–३ अशी जिंकली. पैसे घेऊन सामने हरल्याच्या प्रकरणी शिकागोच्या आठ खेळाडूंवर पुढे कायमची बंदी आली. या प्रकरणामुळे रेड्सचा विजय झाकोळला. तथापि त्यांनी त्या हंगामात ९६ सामने जिंकले होते आणि व्हाइट सॉक्सनी ८८, हे विचारात घेतल्यास त्यांना दुबळा संघ म्हणता येत नाही. मेजर लीगमधील प्रकाशझोतातील पहिला सामना २४ मे १९३५ रोजी सिनसिनाटीच्या क्रॉस्ली फील्डवर झाला. वॉशिंग्टनहून अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कळ दाबून दिवे लावले. १९५० च्या दशकात, कम्युनिस्टविरोधी वातावरणात (‘रेड’ म्हणजे कम्युनिस्ट असाही अर्थ होत असल्याने), काही वर्षे संघाचे नाव ‘रेडलेग्ज’ असे होते.

स्पार्की अँडरसन यांच्या व्यवस्थापनाखाली (१९७०–७८) जॉनी बेंच, जो मॉर्गन, टोनी पेरेझ आणि पीट रोझ यांचा समावेश असलेला संघ ‘बिग रेड मशीन’ या नावाने प्रसिद्धीस आला. १९७५ मध्ये त्याने १०८ सामने जिंकले आणि पुढच्या वर्षी हंगामोत्तर टप्प्यातील सातही सामने जिंकून विजेतेपद राखले. ४,२५६ हिट्सचा (चेंडू टोलवून तळ गाठण्याचा) विक्रम नावावर असलेल्या रोझ यांच्यावर, संघाचे व्यवस्थापक असताना बेसबॉलवर जुगार खेळल्याच्या प्रकरणी, ऑगस्ट १९८९ मध्ये कायमची बंदी घालण्यात आली; ती त्यांच्या निधनानंतर, मे २०२५ मध्ये, उठवण्यात आली. १९९० मध्ये लू पिनिएला यांच्या व्यवस्थापनाखालील संघाने वर्ल्ड सिरीजमध्ये ओकलंडवर ४–० असा विजय मिळवला. २००३ पासून संघाचे सामने ओहायओ नदीकाठच्या ‘ग्रेट अमेरिकन बॉल पार्क’वर होतात.