‘रीसेट मारा’ म्हणू नका: मॉडेम बंद करून चालू करणं वेगळं, कोरा करणं वेगळं

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात कराडच्या आमच्या घरी इंटरनेट बंद पडलं. मी पुण्यात, आई-बाबा तिकडे. बाबांनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, “काका, मॉडेमला एकदा रीसेट मारा.” बाबांनी चष्मा लावला, मॉडेम भिंतीवरून काढून उलटा करून पाहिला. मागे एक बारीक भोक दिसलं आणि त्याच्याखाली ‘रीसेट’ असा शब्द. आईच्या बांगडीतली सेफ्टी पिन घेऊन त्यांनी ते आतलं बटण सगळे दिवे विझेपर्यंत दाबून धरलं. त्या मुलाला म्हणायचं होतं, बटण बंद करा आणि परत चालू करा. पुढचे पाच दिवस घरी इंटरनेट नव्हतं. लाइनमनने येऊन युजरनेम-पासवर्ड टाकला तेव्हा कुठे ते आलं. बाबांचं काहीच चुकलं नव्हतं. जो शब्द कानावर पडला, तोच यंत्रावर छापलेला होता.

तेव्हापासून कोणी विचारलं की “बाहेरगावी असताना घरचा मॉडेम रीसेट कसा करायचा?”, की मी आधी उलट विचारते: तुम्हाला रीसेट करायचाय की रीस्टार्ट? शंभरातल्या नव्याण्णवांना रीस्टार्टच हवा असतो. (आणि मॉडेम की राउटर हा वाद इथे नको. फायबरवाल्यांकडे त्या पांढऱ्या डब्याचं खरं नाव ओएनटी, म्हणजे फायबरचं घरातलं टोक, असतं, बहुतेक घरांत मॉडेम आणि राउटर दोन्ही कामं तोच करतो, आणि घरात सगळे त्याला मॉडेमच म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.)

रीस्टार्ट, म्हणजेच रीबूट, सगळ्यांना येतो. वीज बंद, अर्धा मिनिट थांबा, वीज चालू, दोन-तीन मिनिटांत सगळे दिवे जागेवर. यात मॉडेमची फक्त चालू कामाची मेमरी रिकामी होते. अडकलेले प्रोग्रॅम, भरून गेलेली यादी, लटकलेलं कनेक्शन, सगळं जातं. वाय-फायचं नाव, पासवर्ड, कंपनीने टाकलेली माहिती वेगळ्या, वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असते. मॉडेम उठतो आणि ती वाचून पुन्हा कामाला लागतो. लाइट जाऊन आली की घरोघरी हेच घडतं आणि त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

रीसेट त्या टिकणाऱ्या मेमरीलाच हात घालतो. भोकात पिन घालून साधारण दहा सेकंद दाबलं की मॉडेम कारखान्यातून निघाला तसा होतो. लोक मला सांगतात, “अगं, मी पण रीसेट केला होता, काही झालं नाही, लगेच चालू झाला.” त्यांचंही खरं असतं, आणि गोंधळ नेमका इथेच वाढतो. काही कंपन्यांच्या जोडणीत मॉडेम कोरा झाला तरी फायबरचा सिग्नल मिळताच सगळी माहिती कंपनीच्या यंत्रणेकडून आपोआप परत उतरते. तिथे नुकसान एवढंच, की वाय-फायचं नाव आणि पासवर्ड परत मागच्या स्टिकरवर छापलेलाच होतो. पण कित्येक ठिकाणी, विशेषतः गावोगावच्या स्थानिक केबलवाल्यांकडच्या जोडण्यांत, पीपीपीओईचा (म्हणजे कंपनीकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचा) युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या आपल्या वाटेचा) आकडा लाइनमनने पहिल्या दिवशी हाताने टाकलेला असतो. तो एकदा पुसला की मॉडेमला आपण कोणाचे गिऱ्हाईक आहोत हेच ठाऊक राहत नाही. फायबर जोडलेली, दिवा हिरवा, आणि इंटरनेट नाही. तुमच्या घरी यातली कोणती जोडणी आहे हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे शेजारच्यांचा रीसेट सुखरूप झाला म्हणून तुमचाही होईल असं धरून चालू नका.

आणि तुम्ही घरी नसाल तर पुढची अडचण याहून मोठी आहे. रीस्टार्टनंतर मॉडेम त्याच ओळखीने परत येतो, म्हणून लांबून चुकून केला तरी चालतो. रीसेटमध्ये ज्या रस्त्याने तुम्ही लांबून मॉडेमपर्यंत पोचलात तो रस्ताच पुसला जातो. ॲपमध्ये नोंदवलेलं खातं, कॅमेरा ज्याला जोडलेला होता त्या वाय-फायचं नाव-पासवर्ड, बाहेरून शिरण्यासाठी केलेली सोय, सगळं त्याच मेमरीत होतं. म्हणून लांबून रीसेट करणं म्हणजे आत कोणी नसताना बाहेरून कुलूप लावून किल्ली नदीत टाकणं. काही ॲपमध्ये आणि मॉडेमच्या पानावर (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर) ‘रीबूट’ आणि ‘रीस्टोअर डीफॉल्ट्स’ ही दोन बटणं एकाखाली एक असतात. ही मांडणी करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्याहून राग येतो तो ‘सॉफ्ट रीसेट’ आणि ‘हार्ड रीसेट’ या शब्दांचा. एक जण वीज बंद-चालू करण्याला हार्ड रीसेट म्हणतो, दुसरा पिन खुपसण्याला. हे दोन्ही शब्द फोनवर वापरूच नयेत.

मग लांबून रीस्टार्ट कसा करायचा? इंटरनेट अर्धवट चालू असेल, म्हणजे संथ किंवा मधूनमधून तुटत असेल, तर मॉडेमच्या ॲपमधलं रीबूटचं बटण चालतं. कंपनीलाही आपल्या बाजूने मॉडेम रीबूट करता येतो. तक्रार नोंदवताना “तुमच्याकडून रीबूट पाठवा, रीसेट नको” असं स्पष्ट सांगायचं. इंटरनेट पूर्ण बंद असेल तर ॲपचा हुकूम पोचत नाही, आणि फायबरच तुटली असेल तर कंपनीचाही नाही, कारण हुकूम जायचा रस्ताही तोच असतो.

स्मार्ट प्लगचा सल्ला हमखास दिला जातो. मॉडेम प्लगमध्ये, प्लग वाय-फायवर, मोबाइलवरून बंद करायचा आणि मग चालू करायचा. ऐकायला सोपं आहे, पण बंद केल्याक्षणी वाय-फाय जातं आणि ‘चालू हो’ हा निरोप प्लगला कधीच मिळत नाही. घरी कोणी नसेल तर मॉडेम कायमचा बंद. शिवाय इंटरनेट बंद पडलेलं असताना, म्हणजे नेमकी गरज असताना, ‘बंद हो’ हा निरोपही पोचत नाही. प्लग घ्यायचाच असेल तर बंद केल्यावर ठरलेल्या सेकंदांनी स्वतःहून चालू होणारा घ्या, किंवा वेळापत्रक स्वतःच्या पोटात साठवणारा. काही प्लग दर थोड्या वेळाने इंटरनेट आहे का ते स्वतः तपासतात आणि नसेल तर मॉडेमची वीज तोडून परत देतात. बंद घरासाठी मला हेच सगळ्यात पटतात. सिमकार्डवर चालणारा प्लगही चालतो, कारण त्याला घरच्या वाय-फायची गरज नाही.

साधा, काट्याचा चोवीस तासांचा टायमर स्वस्त पडतो. रात्री चारला पंधरा मिनिटं बंद, मग चालू. फक्त आपल्याकडे तीन तास लाइट गेली की तो तीन तास मागे पडतो आणि आठवडाभरात मॉडेम भर दुपारी बंद व्हायला लागतो. तो इन्व्हर्टरच्या लाइनवरच लावा. बऱ्याच मॉडेममध्ये रीबूटचं वेळापत्रक आतच असतं. असेल तर टायमरची गरजच नाही.

मॉडेमचं १९२.१६८ ने सुरू होणारं पान बाहेरून उघडावं म्हणून पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची दारं, उघडे ठेवणाऱ्यांना मी हात जोडते. एकतर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असला तर ते चालतच नाही. आणि चाललं तर ते जगाला उघडं असतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्याचे पासवर्ड टाकून बघत. रीसेट केलेल्या मॉडेमच्या पानाचा पासवर्ड पुन्हा तोच कारखान्याचा होतो, हेही लक्षात असू द्या.

रीसेट खरोखर कधी लागतो? पासवर्ड विसरलात, जुना मॉडेम दुसऱ्याला देताय, किंवा त्यात मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, शिरलाय. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने ५४ देशांतली किमान पाच लाख राउटर आणि साठवणीची उपकरणं धरली होती. एफबीआयने लोकांना ती रीबूट करायला सांगितलं आणि बऱ्याच जणांना वाटलं, झालं, गेला. रीबूटने त्याचे नंतरचे टप्पे पुसले जात, पण पहिला टप्पा टिकणाऱ्या मेमरीत बसलेला असे आणि तो बाकीचे परत बोलावू शकत असे. तो मुळापासून काढायला रीसेटच लागत होता. म्हणजे रीसेटची कामं आहेत, पण ती समोर बसून, लाइनमनचा नंबर आणि पीपीपीओईची माहिती हाताशी ठेवून करायची. एक गोष्ट तेव्हा उपयोगी पडते: कोऱ्या मॉडेमला वाय-फायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, की घरचे फोन, टीव्ही, कॅमेरा परत आपोआप जोडले जातात.

घरी माणूस असेल तर मात्र यंत्रांच्या नादी न लागता फोनच करावा. मी आता आईला असं सांगते: “मोबाइलचं वाय-फाय बंद कर, मोबाइल डेटावर व्हिडिओ कॉल लाव आणि मॉडेमचे दिवे दाखव.” एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबर कुठेतरी तुटली आहे किंवा वाकली आहे, तिथे बंद-चालू करून काही होत नाही, थेट लाइनमनला फोन. तो दिवा विझलेला आणि इंटरनेटचाही विझलेला, तर “भिंतीवरचं बटण बंद कर, हळूहळू तीस आकडे मोज, चालू कर.” रीसेट हा शब्द मी तोंडातून काढत नाही. “बंद करून चालू कर” यात कोणाचाही गैरसमज होत नाही.

कराडच्या मॉडेमच्या मागच्या भोकावर आता पांढरी चिकटपट्टी आहे. पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड बाबांनी वहीत आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय. परवा दुपारी आईचा फोन आला, “लाल दिवा लुकलुकतोय. मी कशाला हात लावला नाही. लाइनमनला सांगितलंय, चारपर्यंत येतो म्हणाला.”