खंबीर की सोशिक?

माझ्या पुतण्याला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. घरी येणारं प्रत्येक जण वहिनीकडं बघून म्हणायचं, ‘किती खंबीर आहे बघा, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.’ ती तेव्हा खंबीर नव्हती, नुसती सोसत होती. खानापूर काय, निपाणी काय, आपल्या बेळगावकडच्या सीमाभागात न रडणाऱ्या बाईला हे दोन्ही शब्द एकदमच लावतात.

फरक मला कळला तो तापाच्या रात्री. केमोनं, म्हणजे कॅन्सरच्या औषधांनी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, मग साधा जंतूही जिवावर बेततो. म्हणून 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप दिसला की उजाडायची वाट बघायची नसते, लगेच दवाखाना गाठायचा. पहिल्या तापात वहिनी रात्रभर एकटीच कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली. ‘सगळी दमून झोपलेली, कशाला उठवायचं?’ हे सोसणं. पोराचं नशीब, निभावलं. पुढच्या खेपेला रात्री दीड वाजता तिनं शेजारच्या काकांचं दार बडवलं, ‘काका, गाडी काढा!’ हुंदके देत होती, पण हातात वही होती: तापाचा आकडा, शेवटच्या केमोची तारीख, चालू गोळ्या. डॉक्टरांनी आधी ती वहीच मागून घेतली.

सोसण्यावर पहिले महिने निघतात. पण मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसणाऱ्या कॅन्सरचे, ‘एएलएल’ या रक्ताच्या कॅन्सरच्या प्रकाराचे, उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. शेवटचा लांब टप्पा बराचसा घरच्या गोळ्यांवर असतो. केस परत आलेले, पोर अंगणात खेळतंय, आणि नेमकं तेव्हाच गोळ्या चुकायला लागतात. त्या चुकल्या तर आजार उलटायचा धोका वाढतो. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. आपल्यासारख्या देशांत मागं पडायचं एक मोठं कारण म्हणजे अर्ध्यावर सुटलेले उपचार. कॅन्सरचा मोठा दवाखाना म्हणजे मुंबईचं टाटा असो की बेंगळुरूचं किदवाई, इथून रात्रभराचा प्रवास. त्यात रोजगार बुडतो, मदतीचा अर्ज कन्नडमध्ये. एकट्या आईनं हे किती ओढायचं?

दादाचं तर कुणी विचारलंच नाही. बापय माणूस, गप्प राहिला म्हणजे घट्ट आहे असं धरून चालले सगळे. तो रात्री गोठ्यात जाऊन बसायचा.

खंबीरपणा कुणी जन्माला येताना आणत नाही, भोवतीची माणसं तो उभा करतात. वहिनीला तो आला तो आमच्या अक्कामुळं. तिनं ‘धीर धर’ म्हटलं नाही. कन्नड अर्ज स्वतः भरून दिला, आणि म्हणाली, ‘दर मंगळवारी पोराजवळ मी बसते. तू घरी जाऊन झोप.’