साखरेचं प्लास्टिक कुंडीत कुजतं का?

"साखरेपासून बनलंय ना, टाका कुंडीत, खत होईल." नागपूरच्या फुटाळा तलावावर सरबताचा पारदर्शक पेला हातात आला की हे हमखास कानावर पडतं. ते खरं नाही.

साखरेपासून केलेले असे पेले सहसा पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल नावाच्या प्लास्टिकचे असतात. मक्यातली किंवा उसातली साखर जिवाणूंकडून आंबवून लॅक्टिक आम्ल मिळवतात आणि त्याचे रेणू जोडून लांब साखळी तयार करतात. पाणी आणि उष्णतेने ही साखळी आधी तुटावी लागते, मगच सूक्ष्मजीव तिला खातात. त्यासाठी साधारण ५८ ते ६० अंश तापमान आणि ओलावा आठवडेच्या आठवडे टिकायला हवा. नागपूरचा मे ४५ अंशांवर जातो खरा, पण रात्री पारा उतरतो, मातीही कोरडी ठणठणीत. नाग नदीत गेलेला पेला वर्षानुवर्षं तसाच राहतो.

उसाच्या इथेनॉलपासून केलेलं पॉलिथिन तर कुजतच नाही. त्याचा रेणू नेहमीच्या पिशवीचाच.

आता आपला विदर्भाचा कापूस बघा. तोही साखरेचाच, म्हणजे ग्लुकोजची साखळी असलेलं सेल्युलोज. पण ती तोडणारी विकरं (एन्झाइम) मातीतल्या बुरशीकडे असतात, म्हणून सुती चिंधी काही महिन्यांत मातीत मिसळते. उसाच्या चिपाडाची, प्लास्टिकचा थर नसलेली पत्रावळही तशीच. ती खुशाल खतात टाका. पेला मात्र कोरड्या कचऱ्यात द्या.