मान वाकडी, पण बिघाड मेंदूत

मान अवघडली की आपण आधी उशी बदलतो, मग बाम, शेक, आणि तरी नाही गेलं तर एमआरआय काढून गळ्यात पट्टा. पण काही जणांची मान अवघडलेली नसते, ती ओढली जाते. हनुवटी आपोआप खांद्याकडे वळते, डोकं थरथरतं आणि स्नायू सारखे आवळलेले राहून भयंकर दुखतात. याला सर्व्हायकल डिस्टोनिया म्हणतात. बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो.

यात एक विलक्षण गोष्ट असते, हनुवटीला नुसतं बोट टेकवलं तरी बऱ्याच जणांची मान थोडा वेळ सरळ होते. हे बघून पूर्वी डॉक्टरसुद्धा सरळ "मानसिक आहे" म्हणून मोकळे व्हायचे, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण वेदना खरी असते आणि चुकीचे सिग्नल खरंच मेंदूतून येत असतात.

पहिला उपाय सर्जरी नाही, बोटॉक्स. ओढणाऱ्या स्नायूत इंजेक्शन दिलं की तो साधारण ३ महिने सैल पडतो, मग परत घ्यायचं. बहुतेकांचं यावर भागतं. पण काहींना फरकच पडत नाही, काहींना आधी पडतो आणि नंतर कमी होत जातो, आणि सर्जरीचा विचार येतो तो इथे.

जुना मार्ग मानेतून जातो. माँट्रियलचे न्यूरोसर्जन क्लोद बर्त्रां यांनी अशी पद्धत बसवली की ओढणाऱ्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसाच निवडून कापायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. पण यात डोक्याचा मागचा भाग बधिर होऊ शकतो, आणि काही वर्षांनी दुसरेच स्नायू ओढायला लागू शकतात, कारण मेंदूतला बिघाड तिथेच असतो ना.

म्हणून आता जास्त भर डीबीएसवर, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनवर आहे. मेंदूत खोल ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागात दोन्ही बाजूंना बारीक तारा बसवतात, कॉलरबोनखाली त्वचेच्या आत बॅटरी, आणि तिथून सतत सौम्य करंट. २०१४ मध्ये युरोपातली एक चाचणी प्रसिद्ध झाली, ६२ पेशंट, सगळ्यांना तारा बसवल्या पण सुरुवातीला करंट साधारण अर्ध्यांनाच दिला. ३ महिन्यांनी करंटवाल्यांची तीव्रता सरासरी २६ टक्के कमी झाली, बाकीच्यांची ६ टक्के. आकडा छोटा वाटेल, पण औषधांनी आणि बोटॉक्सने भागत नव्हतं अशा लोकांचा आहे हा.

धोके आहेतच, इन्फेक्शन, क्वचित मेंदूत रक्तस्राव, बोलणं जड होणं. बोलणं जड झालं तर ते बऱ्याचदा करंट कमी-जास्त करून सुधारता येतं. आणि घरच्यांनी एक गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी, पार्किन्सनमधला कंप करंट सुरू केल्यावर लगेच थांबू शकतो तसं इथे होत नाही, मान सरळ व्हायला आठवडे, कधी कधी महिने लागतात, आणि तोवर सेटिंग बदलायला परत परत जावं लागतं.